आठ कोपऱ्यांचं कोर्ट

कोर्ट खणून ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं, की ते परत भरायचं कसं हे कुणालाच माहीत नाही.

खणलं मात्र होतं अगदी देखणं. बीडच्या नगर रोडवरच्या त्या क्लबात पूर्वी मातीचं टेनिस कोर्ट होतं. मधली वीस-पंचवीस वर्षं त्यावर वेड्या बाभळी सोडून कुणीच खेळलं नाही. मग क्लबचे सेक्रेटरी उत्तरेश्वर सर रिटायर झाले. गणिताचे शिक्षक रिटायर झाले की त्यांना गणितं कमी पडायला लागतात. सरांनी सहा स्वयंसेवक जमवले, व्हॉट्सॲपवर 'कोर्ट जीर्णोद्धार' नावाचा ग्रुप काढला आणि तीन रविवारांत बाभळी साफ केल्या. चौथ्या रविवारी त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात परदेशातली माणसं रेषांच्या आतली चार इंच माती खणून काढत होती. सरांनीही काढली. व्हिडिओचा दुसरा भाग त्या माणसांनी टाकलाच नव्हता.

सरांनी अंदाजाने वीटभट्टीवरची लाल भुकटी आणून खड्ड्यात पसरली. दुपारी वारं सुटलं. संध्याकाळपर्यंत कोर्ट पुन्हा रिकामं झालं आणि समोरच्या दवाखान्याच्या वाळत घातलेल्या सगळ्या पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या.

"सर, आज बुधवार आहे," शिवकन्या म्हणाली. "रविवारी दहा वाजता शहादेव सर येणार आहेत."

शिवकन्या नववीत होती आणि सहा स्वयंसेवकांत सगळ्यात लहान असूनही सगळ्यात मोठ्याने बोलायची. गळ्यात शिट्टी, हातात मोजायची टेप. शाळेच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारून मारून ती टेनिस शिकली होती. भिंत कधी चुकत नाही, त्यामुळे समोर माणूस आला की तिला एकदम सोपं वाटायचं. विभागाची सतरा वर्षांखालची निवड चाचणी त्याच्या पुढच्या रविवारी होती. ती बीडला घ्यायची की लातूरला, हे टेनिस संघटनेचे निरीक्षक शहादेव सर कोर्ट बघून ठरवणार होते. आणि शिवकन्याच्या घरचा निकाल आधीच लागला होता. तिचे पप्पा, आदिनाथ, यांचं खतं-बियाणांचं दुकान. ते म्हणाले होते, "बीडात असंल तर खेळ. लातूर-फितूर आपल्याला जमणार न्हाई. दुकानाला कुलूप घालून म्या तुझ्यामागं कुठं फिरू?"

म्हणजे कोर्ट झालं तर चाचणी, नाहीतर परत भिंत.

"रोलर असता तर..." उत्तरेश्वर सर म्हणाले.

"कुठं आहे रोलर?"

"मागच्या कमिटीनं भंगारात घातला."

तेवढ्यात दगडाबाई चहा घेऊन आल्या. क्लबच्या फाटकाशी त्यांची टपरी होती, आणि सकाळपासून सात माणसं एका खड्ड्याकडे टक लावून बघतायत हे त्या तिथून बघत होत्या. त्यांनी कप वाटले, खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "खळं कुणासाठी चाललंय?"

"खळं नाही हो. क्ले कोर्ट."

"माती दाबून गुळगुळीत करायची ना?"

"हो."

"भेगा पडू द्यायच्या न्हाईत?"

"बरोबर."

"अन् वाऱ्यानं धूळ उडाली न्हाई पायजे?"

"अगदी बरोबर!"

"मंग खळंच हाय की! शेतात मळणीला करत्यात तेच. त्याच्यासाठी कावून येवढा मोबाइल बघत बसलाव?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. शिवकन्याने शिट्टी वाजवली. ती आनंद झाला तरी शिट्टीच वाजवायची.

"मावशी, तुम्हाला येतं?"

"येतं म्हंजी? आमच्या खळ्यावर पडलेली मुंगी लांबून दिसायची. आता समदं मशिनीत गेलं, म्हणून हात बसून हायत. लिवा सर."

सरांनी डायरी काढली. दगडाबाई बोटांवर मोजत सांगत गेल्या आणि सर 'एक टेनिस कोर्ट, साहित्य' असं वर लिहून खाली उतरवत गेले. तळ्यातली चिकण माती चार ट्रॉल्या. बारीक भुसकट दहा पोती. पाण्याचा टँकर एक. बैलजोडी एक. शेण.

"शेण किती?" सरांनी विचारलं.

"निघंल तितकं."

"तसं नाही, नेमकं सांगा."

"नेमकं बैलाला विचारा."

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडला, 'सर्व सभासदांनी शनिवारी येताना शेण आणावे.' अकरा जणांनी होकाराचा अंगठा टाकला. एकाने विचारलं, 'कुणाचा वाढदिवस?'

गुरुवारी माती पडली, भुसकट पडलं, पाणी पडलं. शुक्रवारी सकाळी दगडाबाईंचे भाऊ हरिबा मांजरसुंब्याकडून बैल घेऊन आले. एकाचं नाव पाखऱ्या, दुसऱ्याचं मंत्री.

"मंत्री कावून?" एका स्वयंसेवकाने विचारलं.

"खातो लई, अन् जरा वरडलं की खाली बसतो," हरिबा म्हणाले.

शिवकन्याने काठावर उभं राहून टेप ताणली. "हरिबामामा, इकडून सरळ तिकडं. मग वळायचं, मग परत सरळ. अठ्ठ्याहत्तर फूट लांब, छत्तीस फूट रुंद."

हरिबांनी मान डोलावली, बैल आत घातले आणि सोडले. बैल चार पावलं सरळ गेले, मग थांबले. मंत्र्याने मागे वळून मालकाकडे बघितलं. त्या नजरेत स्पष्ट प्रश्न होता.

"मागं नांगर न्हाई, मंग सरळ कावून जायचं, असं म्हणतोय त्यो," हरिबांनी समजावलं. "अन् पायाखाली भुसकट हाय. भुसकट म्हंजी मळणी. मळणी म्हंजी गोल."

"मग गोल फिरवा ना, पण चौकोनात!"

"पोरी, बैलाला कोपरा म्हाईत न्हाई."

सर अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालायला लागले. ते मात्र चौकोनात घालत होते. मग ते एकदम थांबले. नेटची जागा मध्ये धरली तर कोर्टाचे दोन भाग होतात, आणि प्रत्येक भाग एकोणचाळीस बाय छत्तीस. म्हणजे जवळजवळ चौरस. चौरसात वर्तुळ मस्त बसतं! सरांचा चेहरा असा उजळला, की त्यांच्या हातून आयुष्यात नापास झालेल्या सगळ्या मुलांना त्यांनी त्या क्षणी पास केलं असतं.

"दोन खळी!" ते ओरडले. "नेटच्या अलीकडे एक, पलीकडे एक!"

हरिबांनी अलीकडच्या भागाच्या बरोबर मध्यावर लाकडाची मेढ ठोकली, दावं बांधलं, आणि काय सांगावं! ज्या बैलांना चार पावलं चालायचा कंटाळा आला होता ते झोकात फिरायला लागले. माती पाण्याने मऊ झालेली, भुसकट तिच्यात कालवलं जात होतं, खुरांचे ठसे एकमेकांवर पडून बुजत होते. हरिबा मधूनच हाळी द्यायचे. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. एक रिक्षावाला उतरून फाटकाशी आला आणि हळूच म्हणाला, "लई वर्षांनी बघितलं." मग त्याच्या मागच्या सवारीने आवाज दिला, "ए बाबा, माझी तारीख हाय कोर्टात, चल!"

दुपारी मेढ पलीकडच्या भागात गेली. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंना दोन गोल तयार झाले. ताटासारखे. असे घट्ट, की सरांनी टाच आपटली तर टाचच दुखली.

आणि गोलांच्या बाहेर, कोपऱ्याकोपऱ्यांत, माती अजून चिखल होऊन पडली होती.

"प्रत्येक बाजूला तीनशे शहाऐंशी चौरस फूट," सर डायरीत बघून म्हणाले. "एकूण सातशे बहात्तर. चारांऐवजी आठ कोपरे झाले, शिवकन्या. तिथं चेंडू पडला तर उडणार नाही. रुतणार."

"मग बैल तिथं..."

"मंत्री बसला," हरिबा म्हणाले.

खरंच बसला होता. ओरडून झालं, चुचकारून झालं, कडबा दाखवून झाला. मंत्र्याने कडबा खाल्ला, पण बसूनच खाल्ला.

शिवकन्याने आठ कोपरे मोजले. परत मोजले. मग तिच्या डोक्यात जे आलं ते तिला अजिबात आवडलं नाही, कारण त्यासाठी राजनंदिनीशी बोलावं लागणार होतं.

राजनंदिनी शाळेच्या लेझीम पथकाची कॅप्टन. चोवीस मुली. शिवकन्याही त्यात होती, पण टेनिससाठी तिने लेझीम सोडलं आणि जाताना, "हे काय, नुसतं जागच्या जागी नाचायचं," असं बोलून गेली. त्याला चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत राजनंदिनी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

फोन उचलला गेला.

"राजे, तुझं पथक उद्या सकाळी काय करतंय?"

"जागच्या जागी नाचतंय."

"तेच पाहिजे मला! अगं, नुसतं जागच्या जागी. कोपऱ्यात. अनवाणी. चिखलात."

मग राजनंदिनी म्हणाली, "परत बोल. स्पीकरवर टाकते. सगळ्या पोरी बसल्यात इथं. सांग त्यांना, कशाची गरज पडली तुला?"

"...लेझीमची."

"मोठ्यानं."

"लेझीमची!" शिवकन्या एवढ्या जोरात ओरडली की मंत्री उठून उभा राहिला. पण तोपर्यंत हरिबांनी त्याला सुट्टी दिली होती.

शनिवारी सकाळी सात वाजता चोवीस मुली, दोन हलग्या आणि एक ढोल क्लबात शिरले. एका कोपऱ्याला तीन मुली. हलगी कडाडली आणि आठही कोपऱ्यांत एकदम पाय पडायला लागले. चार पावलं पुढे, चार मागे, बैठक, उठून उडी. प्रत्येक उडीला माती केसभर खाली जात होती. शिवकन्या काठावरून शिट्टी वाजवत सूचना देत होती, "नैर्ऋत्येला अजून एक बैठक! तिकडं ईशान्येला टाचा वापरा!"

राजनंदिनी नाचता नाचता म्हणाली, "हिला कुणीतरी दिशा दाखवा."

तेवढ्यात आदिनाथ आले. ते शिवकन्याला न्यायला आले होते, कारण शनिवारी सकाळी क्लास असतो आणि क्लासवरून फोन आला होता. ते फाटकातून तावातावाने आत शिरले आणि समोरचं बघून जागीच उभे राहिले.

"हे टेनिस हाय?" त्यांनी विचारलं.

"हो, पप्पा."

"असलं असतं हे मला म्हाईत नव्हतं."

पलीकडून हरिबांनी हाक दिली, "उभा काय राहिलास बे आदिनाथ? ल्हानपणी आमच्या खळ्यावर नाचायला आलतास, इसरलास का? ह्या कोपऱ्यात पोरी कमी पडल्यात. काढ चपला!"

आदिनाथांनी इकडेतिकडे बघितलं, ओळखीचं गिऱ्हाईक कुणी नाही याची खात्री केली, पँट दोनदा दुमडली आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात उतरले. पहिल्या उडीला लाजले. दुसरीला कमी लाजले. दहाव्या उडीनंतर ढोलवाल्याला म्हणाले, "वाढव."

क्लासचा परत फोन आला. त्यांनी तो उचलून सांगितलं, "ती आजारी हाय," आणि बैठक मारली.

दुपारी सारवण झालं. अकरापैकी नऊ सभासदांनी खरंच शेण आणलं. बँकेतून रिटायर झालेल्या एकांनी स्टीलच्या डब्यात झाकण लावून आणलं आणि डबा परत मागितला. दगडाबाईंनी शेणकाला केला, टपरी बंद करून पदर खोचला आणि चार बाया हाताशी घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असा हात फिरवला, की संध्याकाळच्या उन्हात कोर्ट हिरवट-पिवळं चमकायला लागलं. गोल कुठे संपला आणि कोपरा कुठे सुरू झाला, हे खुद्द सरांना सापडेना. रविवारी सकाळी चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या, नेट बांधलं. झालं. आता फक्त शहादेव सर यायचे बाकी होते.

ते बरोबर दहाला आले. उंच, टोपी घातलेले, पायात पांढरेशुभ्र बूट. त्यांनी काही न बोलता रेषेवरून आत पाऊल टाकलं.

"ओ!"

शहादेव सर दचकले. दगडाबाई समोर उभ्या होत्या.

"बूट भायेर."

"बाई, मी निरीक्षक आहे."

"असताल. खळ्यात पायताण घालून जात न्हाईत. कालच सारवलंय."

शिवकन्या काठावरून ओरडली, "मावशी, प्लीज! कोर्टात बूट घालूनच खेळतात!"

"कोर्ट तुमचं असंल. खळं म्या केलंय."

उत्तरेश्वर सरांनी हात जोडले. आदिनाथांनी, "दगडामावशी, येवढ्या वक्ताला," असं म्हणून बघितलं. दगडाबाई हलल्या नाहीत. शिवकन्याला डोळ्यांसमोर शाळेची मागची भिंत दिसायला लागली.

शहादेव सरांनी दगडाबाईंकडे बघितलं. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढले, मोजे काढले आणि आत गेले. पुढची वीस मिनिटं कुणीही श्वास घेतला नाही. त्यांनी मधोमध चेंडू टाकला, तो सरळ कमरेपर्यंत आला. बेसलाइनवर टाकला, तसाच आला. मग ते एकेका कोपऱ्यात गेले. आठही कोपऱ्यांत टाकला.

"विचित्र आहे," ते म्हणाले.

"काय सर?" उत्तरेश्वर सरांचा आवाज चिरकला.

"सगळं छान आहे, पण कोपरे जास्त चांगले आहेत. कोणतं मशीन वापरलंत?"

राजनंदिनीने शिवकन्याकडे बघितलं. शिवकन्याने आकाशाकडे बघितलं.

शहादेव सर काठावर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा फुलला होता. "मी अख्ख्या विभागातली कोर्टं बघतो. असं मातीचं कोर्ट कुठं नाही. सेक्रेटरी, अभिनंदन!"

टाळ्या पडल्या. आदिनाथांनी बाजूच्या माणसाला सांगितलं, "दक्षिणेचा कोपरा आपला."

"त्यामुळे मी असं ठरवतोय," शहादेव सर पुढे म्हणाले, "की हे कोर्ट पोरांच्या चाचणीत वाया घालवायचं नाही. पुढच्या रविवारी विभागाची सीनिअर स्पर्धा लातूरला आहे, ती मी इथं आणतो. आणि सतरा वर्षांखालची चाचणी तिकडं लातूरच्या सिमेंटवर हलवतो. अदलाबदल!"

"वा! वा सर!" उत्तरेश्वर सर आनंदाने बोलून गेले, आणि मग त्यांनी शिवकन्याकडे बघितलं.

शिवकन्याने हातातली टेप खाली ठेवली. चार दिवसांत पहिल्यांदा. कोर्ट वाईट झालं असतं तर चाचणी लातूरला गेली असती, हे तिला माहीत होतं. चांगलं झालं तरी जाईल, हे कुठल्याच हिशेबात नव्हतं. तिने पप्पांकडे बघितलं. ते दुमडलेली पँट सरळ करत होते आणि वर बघत नव्हते.

मग तिचं लक्ष शहादेव सरांच्या पायांकडे गेलं. शेणकाल्याचा हिरवट थर टाचेपर्यंत चढला होता.

"सर," ती पुढे झाली. "सीनिअर खेळाडू अनवाणी खेळतील का?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे त्यांचे बूट फार भारी असतात ना. घोट्याला पट्टा, तळव्याला जेल. आणि इथं तर..." तिने अदबीने दगडाबाईंकडे हात केला.

शहादेव सर हसले. "अहो, आज ठीक आहे. पण स्पर्धेपुरतं बाई चालवून घेतील की. काय हो?"

"कलेक्टर आले तरी बूट भायेर," दगडाबाई म्हणाल्या.

"स्पर्धा आहे बाई, नियम असतात."

"मंग नियमबी भायेर काढून ठिवा."

शहादेव सरांनी उत्तरेश्वर सरांकडे बघितलं. उत्तरेश्वर सरांनी एकदा शिवकन्याकडे, एकदा दगडाबाईंकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उत्तर माहीत असून 'मला नाही सांगता येणार' असे खांदे उडवले. तेव्हा शहादेव सरांनी फोन काढला आणि विभागातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला लावला. स्पीकरवर.

"अरे, एक उत्कृष्ट कोर्ट मिळालंय बीडला. क्ले. फक्त एक लहानशी अट आहे, अनवाणी खेळायचं... हो, अनवाणी... वर शेणाचं सारवण आहे... हॅलो?"

"सर, नेटवर्क जातंय," पलीकडून अगदी स्वच्छ आवाज आला आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूची पाठ अचानक दुखायला लागली. तिसऱ्याने फोन उचलला नाही. बातमी त्याच्यापर्यंत पोचली असावी.

शहादेव सरांनी फोन खिशात ठेवला, टोपी काढली, परत घातली. "सीनिअर लातूरलाच," ते शेवटी म्हणाले. "सतरा वर्षांखालची चाचणी इथं. अनवाणी. मी सगळ्यांना तसं कळवतो."

हलगी कुणी आणली होती कोण जाणे, पण कडाडली. आदिनाथांनी पोरीच्या पाठीवर अशी थाप मारली की तिची शिट्टी आपोआप वाजली. "मानलं तुला!" ते म्हणाले. "समद्या सीनिअरला जागच्या जागी बसवलंस की!"

शहादेव सर बूट हातात घेऊनच गाडीकडे गेले.

"लाग आता तयारीला," आदिनाथ म्हणाले. "आठ दिस हायत. म्या बसतो हितं बघत."

शिवकन्याने ऐटीत रॅकेट उचललं. रेषेपाशी बूट काढले, मोजे काढले. चेंडू वर उडवला आणि धावत आत शिरली.

तिसऱ्या पावलाला तिने उडी मारली. "आई गं!"

"काय झालं?" उत्तरेश्वर सर धावले.

"टोचलं!"

दगडाबाई आत गेल्या, वाकल्या आणि चिमटीत भुसकटाची एक काडी उचलून उन्हात धरली. "ही?" त्यांनी विचारलं. "पोरी, चोवीस जणी दोन तास नाचल्या ह्याच्यावर. तू आलतीस का ग एकदा तरी आत?"

शिवकन्याने आठवून बघितलं. बुधवारपासून आजपर्यंत तिने टेप धरली होती, शिट्टी वाजवली होती, फोन केले होते, दिशा सांगितल्या होत्या. सगळं काठावरून. ज्या कोर्टाचा इंच न् इंच तिला पाठ होता, त्याच्यावर तिने पहिलं पाऊल आत्ता टाकलं होतं.

काठावर चोवीस मुली ओळीने बसल्या होत्या. त्यांचे तळवे कोर्टाच्याच रंगाचे झाले होते. राजनंदिनी उठली, आत आली आणि तिने दुसरं रॅकेट उचललं.

"मला खेळता येत नाही," ती म्हणाली, "पण मला चालता येतं. टाक चेंडू."

शिवकन्याने टाकला. तो राजनंदिनीच्या रॅकेटच्या दांड्याला लागून कसाबसा नेटवरून परत आला आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात पडून दिमाखात उडाला. शिवकन्या त्याच्यामागे निघाली, एकेक पाऊल जपून टाकत, चवड्यांवर, दोन्ही हात पसरून.

"पळ की!" आदिनाथ ओरडले.

"पळतेच आहे, पप्पा!" शिवकन्या पूर्ण आत्मविश्वासाने म्हणाली, आणि तिने चौथं पाऊल टाकलं.